ते नव्हे, दुसरे

आमच्या सोसायटीत एकाच नावाचे तीन गृहस्थ आहेत. त्यांतला एक मी. हे मला इथे राहायला आल्यावर आठव्या दिवशी कळलं. एका पॅथॉलॉजी लॅबचा माणूस माझ्या हातात पाकीट देऊन गेला आणि माझी साखर ३१० असल्याचं मी बायकोला सांगून मोकळा झालो. घरातला बेसनाच्या लाडवांचा डबा त्याच संध्याकाळी शेजारी गेला. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला की ती साखर पाचव्या मजल्यावरची होती. लाडू मात्र परत आले नाहीत.

तेव्हापासून आमच्या वॉचमनकाकांनी आपल्यापुरती व्यवस्था लावून टाकली. पहिल्या मजल्यावरचे ते 'कुत्रेवाले'. पाचव्या मजल्यावरचे 'मोठे साहेब' (गाडी मोठी आहे, साहेब माझ्याएवढेच आहेत). आणि मी? मी गेटपाशी उभा असतानाच ते फोनवर कुरियरवाल्याला समजावत होते, "ते नव्हे हो, दुसरे!"

आपण स्वतः सोडून उरलेल्या जगाच्या लेखी 'दुसरे' आहोत, हे असं भर दुपारी, गेटवर, हातात कोथिंबिरीची जुडी असताना कळलं की माणूस हलतो. मी दिलासा शोधायला प्राचीन ग्रीकांकडे गेलो. ग्रीकांकडेच का, ते मागाहून सांगतो. त्याला थोडा घरगुती संदर्भ आहे.

ग्रीकांकडे आडनाव नव्हतं. माणसाला एक नाव, संपलं. बरं, ती नावंही ठरलेल्या भांडवलातून जुळवायची. 'हिप्पोस' म्हणजे घोडा, 'क्लेओस' म्हणजे कीर्ती, 'डेमोस' म्हणजे लोक. हे तुकडे पुढेमागे जोडत गेलं की बारसं उरकलं. सॉक्रेटिसच्या बायकोच्या, झँथिप्पीच्या, नावातसुद्धा एक पिवळसर घोडा आहे. त्यात पुन्हा आपल्यासारखीच रीत: थोरल्या नातवाला बापाच्या बापाचं नाव. म्हणजे एका घराण्यात दोनच नावं आलटून पालटून शंभर-दीडशे वर्षं सहज चालायची. अथेन्समधल्या एका बड्या श्रीमंत घराण्यात हिप्पोनिकसचा मुलगा कॅलियस, त्याचा हिप्पोनिकस, त्याचा पुन्हा कॅलियस, असा झोका अखंड चालू होता. ॲरिस्टोफेनिसने 'पक्षी' या नाटकात (इ.स.पू. ४१४) याचीच टर उडवली आहे. रंगमंचावर एकसोडून दोन हुदहुद पक्षी येतात. हे काय, म्हणून विचारल्यावर खुलासा असा की हा आजा आणि तो नातू, हिप्पोनिकस कॅलियस आणि कॅलियस हिप्पोनिकस म्हणतात ना, तसं. नातू पक्ष्याची पिसं झडलेली असतात. त्या काळच्या कॅलियसने बापजाद्यांची इस्टेट फुंकून टाकत आणली होती, आणि तो बहुधा समोर प्रेक्षकांत बसलेला असणार.

मग एवढ्या कॅलियसांतून आपला कॅलियस ओळखायचा कसा? त्याची तोड ग्रीकांनी जी काढली ती पाहून मी खुर्चीतून उठलो. स्वतःचं नाव, मग बापाचं नाव, मग गावाचं नाव! इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लाइस्थेनिस नावाच्या पुढाऱ्याने अथेन्सच्या मुलखाचे 'डीम' पाडले. म्हणजे गावं आणि पेठा, एकूण १३९. प्रत्येक नागरिकाची नोंद आपापल्या डीममध्ये, आणि एकदा झाली की ती पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. माणूस पुढे दुसरीकडे बिऱ्हाड हलवो, नोंद हलत नाही. सातारा सोडून चार पिढ्या झाल्या तरी दादरच्या चाळीत सातारकर हा सातारकरच, तसं. तेव्हा सॉक्रेटिसचं रेशनकार्डावरचं नाव 'सॉक्रेटिस सोफ्रोनिस्कोस अलोपेकेकर' आणि वक्त्यांच्या राजाचं 'डेमॉस्थेनिस डेमॉस्थेनिस पायानियाकर'. यातला बापही डेमॉस्थेनिसच. शिवाय या वक्त्याच्या साठ-सत्तर वर्षं आधी सिराक्यूजच्या स्वारीत मारला गेलेला एक सेनापती डेमॉस्थेनिस होता, त्याचा यांच्याशी काही संबंध नाही. ते दुसरे.

मुलाचं नाव ठेवताना घरात काय रणधुमाळी चालायची, तेही ॲरिस्टोफेनिसच सांगतो. 'ढग' या नाटकातला (इ.स.पू. ४२३) म्हातारा स्ट्रेप्सियाडिस खेड्यातला, कंजूष, बायको केलेली शहरातली, मेगॅक्लिस मेगॅक्लिस यांची पुतणी, म्हणजे खानदान इतकं जुनं की बापलेकांची नावंही एकच. मुलगा झाला. नवऱ्याचं म्हणणं, माझ्या वडिलांचं नाव ठेवू, फेइडोनिडिस; त्याचा अर्थच मुळी काटकसर. बायकोला नावात घोडा हवाच, कारण घोडा ही त्या काळची मोठी गाडी. झँथिप्पोस ठेवा, चारिप्पोस ठेवा, कॅलिपिडिस ठेवा. बरेच दिवस भांडून तडजोड निघाली ती 'फेइडिप्पिडिस', म्हणजे काटकसरीचा घोडा. मुलगा मोठा होऊन घोड्यांच्या नादी लागला आणि बापाला त्याने कर्जात बुडवलं. नाव ठेवताना नवऱ्याचं ऐकलं असतं तर, असा विचार मनात येतो, पण तो घरात मोठ्याने बोलण्यासारखा नाही.

आता मँटिथिअसचा खटला. यासाठीच खरं तर मी हा लेख लिहायला घेतला. बाकीचं सगळं तोंडीलावणं आहे.

अथेन्समध्ये मँटियस नावाचे एक राजकारणी गृहस्थ होते. गाव थोरिकोस, म्हणून आपण त्यांना थोरिकोसकर म्हणू. त्यांना लग्नाच्या बायकोपासून एक मुलगा, मँटिथिअस. शिवाय प्लँगॉन नावाच्या एका बाईशी त्यांचं येणंजाणं. तिला दोन मुलगे, बिओटस आणि पॅम्फिलस. प्लँगॉनचं म्हणणं दोघेही यांचेच. थोरिकोसकरांचं म्हणणं, छे. मुलगे मोठे झाले आणि थोरल्या बिओटसने बापावर दावाच लावला की मला मुलगा म्हणा. राजकारणी माणूस, कोर्टात उभं राहायचं म्हणजे पंचाईत. त्यांनी आतून तोडपाणी केलं. ठरलं असं: प्लँगॉनला ३० मिना (म्हणजे ३००० द्राख्मा) द्यायचे, मग लवादापुढे हे तिला जाहीर आव्हान देणार की घे शपथ, ही मुलं माझी आहेत म्हणून, तिने शपथ नाकारायची, विषय संपला. ठरल्या दिवशी लवादापुढे सगळे जमले. थोरिकोसकरांनी छाती काढून आव्हान दिलं. आणि प्लँगॉनने शपथ घेतली.

थोरिकोसकरांचा चेहरा कसा झाला असेल, याची नोंद कुठे नाही. अशा नोंदी इतिहासकार नेमक्या ठेवत नाहीत.

शपथेपुढे इलाज नाही. कुळाच्या वहीत दोघांची नावं घालावी लागली, बिओटस आणि पॅम्फिलस. डीमच्या वहीत नावं घालायची वेळ आली, तोवर थोरिकोसकर वारले. तेव्हा बिओटस स्वतःच गेला, आणि त्याने आपलं नाव सांगितलं 'मँटिथिअस'. त्याचं गणित सरळ होतं. मँटिथिअस हे आजोबांचं नाव, ते थोरल्या नातवाचं, आणि थोरला मी. त्यात बिओटस या नावाचा अर्थ 'बिओशियावाला', आणि अथेन्सच्या लोकांच्या लेखी बिओशियावाला म्हणजे मठ्ठ, खादाड गावंढळ. असलं नाव घेऊन राजधानीत कोण वावरेल?

झालं! एका गावात, एका बापाचे, एकाच नावाचे दोन सख्खे म्हणा, सावत्र म्हणा, पण कायदेशीर मुलगे. तीन नावांची इतकी पक्की पद्धत. पण एका माणसाने तिच्या तिन्ही खणांत दुसऱ्याचाच मजकूर भरला. 'मँटिथिअस मँटियस थोरिकोसकर' हजर व्हा म्हटलं की दोघे उभे.

मूळ मँटिथिअस कोर्टात गेला. इ.स.पू. ३४८ च्या सुमारास त्याचं भाषण लिहून दिलं खुद्द डेमॉस्थेनिसने (वक्ता, सेनापती नव्हे). ते भाषण आजही उपलब्ध आहे, आणि मी ते वाचताना दर दोन मिनिटांनी आमच्या वॉचमनकाकांना वाचून दाखवावं असं मला वाटत होतं. मँटिथिअस विचारतो: उद्या सरकारने नाटकाच्या खर्चाची वर्गणी 'मँटिथिअस मँटियस थोरिकोसकर' यांच्यावर बसवली, तर ती कोणी भरायची? तो म्हणणार, यांच्यावर; मी म्हणणार, त्याच्यावर. समन्स आलं तर कोणाला? दंड थकला तर वहीत नाव कोणाचं? की अधिकाऱ्यांनी नावापुढे कंसात 'प्लँगॉनचा' असं लिहायचं, आणि माझ्यापुढे माझ्या आईचं? असं कधी कोणी ऐकलंय का? अथेन्समध्ये पदं चिठ्ठ्या टाकून वाटायचे. तिथे याचा सगळ्यात तिखट मुद्दा येतो. दोघांच्या चिठ्ठ्यांवर अक्षरं तीच. चिठ्ठी निघाली की पद कोणाचं ते ठरवायला पुन्हा कोर्ट. आणि दोघांनी संगनमत केलं तर? एका माणसाने दोन चिठ्ठ्या टाकल्या तर त्याला देहदंड आहे, मग आम्हा दोघांना ते राजरोस मोकळं?

आणि हे सगळं नुसतं 'उद्या असं झालं तर' नव्हतं. सैन्य युबियात टॅमिनीपाशी मोहिमेवर गेलेलं, तेव्हा नवा मँटिथिअस अथेन्समध्ये मागेच राहिला. सणवार केले, डायोनिसियाच्या उत्सवात कोरसमध्ये नाचलासुद्धा. सैन्य परतल्यावर, रणातून गैरहजर म्हणून त्याच्यावर फिर्याद झाली. ती दाखल करून घ्यायची कोणी? तर त्याच्या टोळीच्या पथकप्रमुखाने. पथकप्रमुख कोण? जुना मँटिथिअस. म्हणजे युद्धावरून नुकताच परत आलेला हा माणूस, स्वतःच्या हाताने, 'मँटिथिअस मँटियस थोरिकोसकर रण सोडून पळाला' हा कागद घेतो आहे. तोही बापाच्या आणि गावाच्या नावासकट.

त्याने विचारलेला एक प्रश्न फार साधा आहे. अख्ख्या ग्रीस देशात दाखवा कोणी, ज्याने आपल्या दोन मुलांना एकच नाव ठेवलं. कोणी दाखवू शकलं नसावं. तरीही तो हरला, असं दिसतं. कारण याच भावांच्या भांडणाचं आणखी एक भाषण शिल्लक आहे, या वेळी आईच्या हुंड्याच्या पैशांवरून. (हे डेमॉस्थेनिसच्या नावावर आहे, पण बहुतेक अभ्यासकांच्या मते लिहिणारा तो नव्हे, दुसरा.) त्यात मँटिथिअस सांगतो की मी बिओटसवर दावा केला, तो हजर राहिला नाही, निकाल माझ्या बाजूने लागला. आणि मग तो म्हणाला, निकाल बिओटसविरुद्ध आहे ना? मग माझा काय संबंध? मी तर मँटिथिअस.

म्हणून या बिचाऱ्याने तोच दावा पुन्हा लावला. या वेळी 'मँटिथिअस' नावाच्या माणसावर. 'मँटिथिअस विरुद्ध मँटिथिअस', आणि भांडण सुरू झाल्याला ते अकरावं वर्ष होतं. पुढे काय झालं ते मी शोधलं नाही. काही गोष्टी अर्ध्यावर सोडण्यात शहाणपण असतं.

असल्या गोंधळाची पद्धतशीर यादी करावी, असं कोणाला तरी वाटणारच होतं. इ.स.पू. पहिल्या शतकात मॅग्नेशियाच्या एका विद्वानाने एकच नाव असलेल्या कवींवर आणि लेखकांवर एक आख्खा ग्रंथ लिहिला. या विद्वानाचं नाव डेमेट्रियस. पुढे डायोजिनिस लाएर्टियस याने तत्त्ववेत्त्यांची चरित्रं लिहिली तेव्हा हा ग्रंथ त्याच्या हाताशी होता. तो बऱ्याच चरित्रांच्या शेवटी टाचण देतो की या नावाचे आणखी इतके. झेनो आठ. ॲरिस्टॉटल आठ. थिओडोरस वीस. आणि नोंद घेण्याजोगे डेमेट्रियस वीस. तेव्हा मॅग्नेशियाकरांनी हा विषय का घेतला, ते वेगळं सांगायला नको. जखम झाल्याशिवाय माणूस असल्या संशोधनात पडत नाही. (डायोजिनिसच्या स्वतःच्या नावाचाही पंडितांत घोळ आहे. आणि पिंपात राहणारा डायोजिनिस तो हा नव्हे, दुसरा.)

या याद्या मी रात्री झोपताना वाचतो. प्लेटो नावाचा एक विनोदी नाटककार होता, चांगला नावाजलेला. आज त्याला दर वेळी 'विनोदी प्लेटो' म्हणावं लागतं. प्लेटोच्या 'पार्मेनिडिस' या संवादात एक ॲरिस्टॉटल येतो आणि पार्मेनिडिसच्या प्रश्नांना मान डोलवत 'हो', 'बरोबर', 'नाही कसं' म्हणत जातो. वाचणारा खूश होतो, हाच तो! हा तो नव्हे. हा पुढे अथेन्सवर जुलूम करणाऱ्या तीस जणांच्या टोळीत गेला. झेनो दोन तर अगदी जोडीने लक्षात ठेवावेत असे. एलियाच्या झेनोने सिद्ध केलं की सुटलेला बाण मुळी हलतच नाही. सिटियमच्या झेनोने स्टोइक पंथ काढून शिकवलं की तो लागलाच तर कुरकुरू नका. हिपोक्रेटिसही दोन, एकाच काळातले, आणि बेटांची नावंसुद्धा मुद्दाम घोटाळा व्हावा अशी: कॉस आणि किऑस. कॉसचे डॉक्टर. किऑसचे गणिती, चंद्रकोरीच्या आकाराचं क्षेत्रफळ त्यांनी इतकं अचूक काढलं की आजही थक्क व्हावं. हेच गणिती बायझँटियमच्या जकातनाक्यावर मात्र भोळेपणाने भरपूर पैसे गमावून बसले, असं ॲरिस्टॉटलने (मोठ्या) लिहून ठेवलं आहे. डॉक्टरसाहेबांच्या नावाने जगभर शपथा होतात, आणि यांच्या नावावर जकात.

पण माझा लाडका माणूस वेगळाच आहे. थेलिस म्हटलं की सात शहाण्यांतला मिलेटसचा थेलिस. डायोजिनिस त्याच्या चरित्राच्या शेवटी सांगतो, आणखी पाच थेलिस झाले. पहिला वक्ता, त्याची शैली वाईट. दुसरा चित्रकार, हुशार. असं करत करत पाचवा: अलीकडचा, अप्रसिद्ध. एवढंच! मला सांगा, अप्रसिद्ध म्हणून दोन हजार वर्षं नाव टिकणं हे किती जणांच्या नशिबी येतं? दुसऱ्या एका थेलिसने सूर्यग्रहण सांगून कीर्ती मिळवली नसती तर या थेलिसला कोणी अप्रसिद्धसुद्धा म्हटलं नसतं.

प्रत्येक जण इतका निरुपद्रवी नसतो. इतिहासकार थ्युसिडिडीजने सॅमॉस बेटावरच्या मोहिमेचं (इ.स.पू. ४४०) वर्णन करताना लिहिलंय की मदतीला चाळीस जहाजं घेऊन थ्युसिडिडीज, हॅग्नॉन आणि फॉर्मियो आले. कोण हा थ्युसिडिडीज? बापाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याचा मोठा प्रतिस्पर्धी मेलेसियसपुत्र थ्युसिडिडीज तर काही वर्षांपूर्वीच हद्दपार झालेला. त्याला कोणी विचारलं होतं की कुस्तीत तू वरचढ की पेरिक्लीस. तर तो म्हणाला होता की मी त्याला चीत केला तरी मी पडलोच नाही असं तो सांगतो, आणि ज्यांनी पाहिलं त्यांनाही ते पटवून देतो. तो नाही, तर मग कोण? विद्वान अजून भांडताहेत. स्वतःचंच नाव लिहिताना या गृहस्थाची लेखणी इतकी निष्काळजी कशी? पण पुढे एके ठिकाणी त्याने पूर्ण नाव लिहिलंय: ओलोरसचा मुलगा थ्युसिडिडीज, हा इतिहास लिहिणारा तोच. कुठे? ॲम्फिपोलिस वाचवायला तो वेळेत पोचू शकला नाही, शहर हातचं गेलं, आणि त्याच्या नशिबी वीस वर्षांची हद्दपारी आली, त्या प्रसंगी. नामुष्कीच्या जागी फॉर्म पूर्ण भरलेला! याला म्हणतात इतिहासकार. आमच्या सोसायटीत मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी लागते, तेव्हा तिघांपैकी एकानेही 'तो मीच' असं आजवर म्हटलेलं नाही.

'दुसरा' असण्याचं दुःख ज्याच्या इतकं कोणाच्या वाट्याला आलं नसेल, तो मात्र होमरच्या 'इलियड'मध्ये भेटतो. एजॅक्स दोन. एक सॅलॅमिसचा, टेलॅमॉनचा मुलगा, बुरुजासारखी ढाल घेऊन फिरणारा थोरला. दुसरा लोक्रिसचा, ओइलियसचा मुलगा, धाकटा. होमर कित्येकदा दोघांना मिळून द्विवचनातच हाकारतो. संस्कृतसारखं ग्रीकमध्येही द्विवचन आहे. शाळेत 'रामः रामौ रामाः' घोकताना हे 'रामौ' लागतं कशाला, असं मला वाटायचं. ते यासाठी लागतं. धाकटा अंगाने किरकोळ, पण पळण्यात पटाईत. पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनंतर शर्यती झाल्या, त्यात तो धावण्यात सगळ्यांच्या पुढे होता. मागून ओडिसियसचा श्वास त्याच्या मानेला लागत होता, पण पुढे हाच. शेवट जवळ आला तशी ओडिसियसने मनातल्या मनात अथेना देवीला हाक घातली, आणि कापलेल्या बैलांचं शेण जिथे पसरलं होतं नेमक्या तिथे धाकट्याचा पाय घसरला. तोंडात शेण, नाकात शेण. पहिलं बक्षीस, चांदीचं भांडं, ओडिसियसला. याला दुसरं. दुसरं बक्षीस काय होतं? बैल. तो त्या बैलाचं शिंग धरून, शेण थुंकत उभा आहे आणि म्हणतोय की ती देवी याला आईसारखी सांभाळते हो. आणि सगळं सैन्य खो खो हसतंय.

पुढे या धाकट्याची करणी अशी वाईट निघाली की त्याची बाजू घेता येत नाही. ट्रॉय पडल्यावर अथेनाच्याच देवळात त्याने कॅसँड्रावर हात टाकला आणि शेवटी समुद्रात बुडून मेला. पण त्या शेणाच्या क्षणी, मी त्याच्या बाजूला होतो.

राजघराण्यांत हा प्रकार गेला की तो विनोद राहत नाही, लग्नपत्रिका होते. इ.स.पू. ३३६. मॅसिडोनियाचा राजा फिलिप आपल्या मुलीचं लग्न लावतो आहे. वधू क्लिओपात्रा. घरात राजाने गेल्याच वर्षी आणलेली तरुण राणी, वधूची सावत्र आई, क्लिओपात्रा. नवरदेव अलेक्झांडर, एपिरसचा राजा आणि वधूचा सख्खा मामा. वधूचा भाऊ अलेक्झांडर, जो पुढे सिकंदर म्हणून आपल्या झेलमपर्यंत येणार. आता आहेर लिहायला बसलेल्या माणसाची कल्पना करा. या समारंभात फिलिपचा खून झाला, करणारा त्याचा अंगरक्षक पॉसेनियस. आणि इतिहासकार डायोडोरसच्या म्हणण्याप्रमाणे त्या वैराची सुरुवात राजाची मर्जी आपल्यावरून उडून दुसऱ्या एकावर बसली, या मत्सरातून झाली. तो दुसरा कोण? त्याचंही नाव पॉसेनियस.

सिकंदराच्या मागे इजिप्तमध्ये तर घराणंच्या घराणं टॉलेमी. एकजात सगळे राजे टॉलेमी, आणि राण्यांतही क्लिओपात्रा पुष्कळ. आपण पुस्तकात आठवा, नववा, बारावा असे आकडे लावतो. ते पुढच्या इतिहासकारांनी लावले. प्रजेकडे वॉचमनकाकांची पद्धत होती. आठवा तो 'फिस्कॉन', ढेरपोट्या. नववा 'लॅथिरॉस', हरभरा. बारावा 'ऑलेटिस', म्हणजे पिपाणीवाला. ऑलॉस हे आपल्या सनईच्या जातीचं वाद्य. ढेरपोट्याने स्वतःला 'कल्याणकर्ता' अशी पदवी घेतली होती, तीही लोकांनी सुरुवातीचं अक्षर बदलून 'अकल्याणकर्ता' करून टाकली. त्याने सख्ख्या बहिणीशी, क्लिओपात्राशी, लग्न केलं आणि ते मोडायच्या आत तिच्या मुलीशीही. तिचं नाव सांगायला हवं का? आणि या सगळ्यानंतर दोनेकशे वर्षांनी एक ज्योतिर्विद होऊन गेला, ग्रहताऱ्यांचा पंडित, टॉलेमीच, पण राजघराण्याशी नातं नाही. मध्ययुगीन चित्रकारांनी त्यालाही मुकुट घालून ठेवला. डोक्यावर मुकुट आणि हातात वेध घेण्याचं यंत्र, अशी त्याची चित्रं आहेत. ही नामसाम्याची एवढी एकच कमाई मला सापडली.

आता तो घरगुती संदर्भ. माझं नाव मिलिंद.

इ.स.पू. दुसऱ्या शतकात साकल नगरीत, म्हणजे आजच्या सियालकोटच्या बाजूला, एक ग्रीक राजा होता, मेनँडर. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरांत 'मेनँड्रॉस' आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठीत 'मेनंद्र'. पाली ग्रंथात पोचेपर्यंत त्याचा 'मिलिंद' झाला. 'मिलिंदपञ्ह' हा त्याच्या आणि नागसेन भिक्खूंच्या प्रश्नोत्तरांचा ग्रंथ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला कॉलेज काढलं त्याला याच राजाचं नाव दिलं, आणि परिसराला नागसेनवन. आईला मी एकदा विचारलं, माझं नाव त्या राजावरून का? ती म्हणाली, "नाही रे, मिलिंद म्हणजे भुंगा. तू सारखा गुणगुण करायचास." असो. मी राजावरूनच धरतो. पण इथेही सुख नाही, कारण मेनँडर म्हटलं की पहिला आठवतो तो अथेन्सचा, दीडेकशे वर्षं आधीचा विनोदी नाटककार. साहित्यवाल्यांना विचारा; आमचा राजा म्हणजे 'ते नव्हे, दुसरे'.

राजाचा नागसेनांना पहिला प्रश्न काय होता? भदंत, आपलं नाव काय. नागसेन म्हणाले, मला नागसेन म्हणतात. आईबाप नागसेन ठेवतात, शूरसेन ठेवतात, वीरसेन ठेवतात, सिंहसेन ठेवतात. पण हे केवळ व्यवहारापुरतं नाव, त्यात कोणी व्यक्ती सापडत नाही. राजा चक्रावला. मग नागसेन म्हणजे काय? डोक्यावरचे केस म्हणजे नागसेन? नाही महाराज. अंगावरचे केस? नाही. नखं? दात? कातडी? नाही, नाही, नाही.

हे वाचून मन इतकं हलकं झालं की मी चपला घालून खाली गेलो. एक पार्सल यायचं होतं. वॉचमनकाका जेवायला गेले होते, त्यांच्या जागी नवा पोरगा. मी म्हटलं, "मिलिंद. तिसरा मजला." त्याने वही उघडली, ओळीवर बोट फिरवत खाली आला, थांबला, माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, जरा वर. आणि पार्सल काही न विचारता माझ्या हातात ठेवलं. सही करताना मी वही वाकून वाचली. काकांच्या सुवाच्य अक्षरात नोंद होती: मिलिंद, कंसात 'बिनकेसाचे'.